बझरचा पाय

१

टेबलाच्या कडेला दादाने एक कागद चिकटवला होता. माझ्यासाठी, ठळक अक्षरात.

"हातोडी, वाच. एक, वायर लाव. दोन, हिरवं बटण दाब, कोड तयार होईल. लाल ओळी आल्या तर शहाणपणा करायचा नाही, मला हाक मारायची. तीन, बाणाचं बटण, कोड बोर्डात जाईल. चार, दिवा दोनदा मिचकला की झालं. पाच, बझरला हात लावायचा नाही."

हातोडी म्हणजे मी. बंद पडलेली वस्तू मी आधी आपटून बघतो म्हणून. आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे. चार्जिंगची पिन बदलायची, काच बदलायची, आत सुटलेली वायर शोधून टाका मारायचा. सोल्डरिंगला माझा हात चांगला आहे. कोड मला वाचता येत नाही. कोड दादा लिहायचा, बोर्डावरचे टाके मी मारायचो. "डोकं माझं, हात तुझे," असं तो म्हणायचा. "अदलाबदल झाली असती तर दोघं उपाशी मेलो असतो."

दादाला जाऊन अकरा दिवस झाले होते.

दुपारी दुकानातून जेवायला आलो होतो. जेवलो नाही, सरळ दादाच्या खोलीत गेलो. आई मावशीकडे होती, दुसऱ्या दिवशी परत येणार होती. ती यायच्या आत तिच्या गादीखाली पट्टी चालू करायची होती. आईचा श्वास झोपेत थांबतो. डॉक्टर म्हणाले होते, कोणीतरी हलवलं की सुरू होतो. मी विचारलं, हलवायला कोणी नसलं तर? ते कागदावर काहीतरी लिहीत राहिले.

म्हणून दादाने तो बोर्ड बनवला. गादीखाली चपटी पट्टी, पट्टीची वायर बोर्डात, बोर्डावर अंगठ्याच्या नखाएवढा कंट्रोलर आणि त्यात दादाचा कोड. छाती हलली की तो मोजतो, मिनिटाला किती वेळा ते. वीस सेकंद काहीच हललं नाही तर लाल दिवा लागतो आणि बझर वाजतो. बस्स, एवढंच यंत्र. पण आईचा जीव त्यावर होता.

पट्टी अजून दादाच्याच पलंगावर होती, कारण तो ती स्वतःवर तपासत होता. आईच्या पलंगाखाली न्यायच्या आधी बघावं, चालते का. वायर लावली. हिरवं बटण. लाल ओळी आल्या नाहीत. बाणाचं बटण. दिवा दोनदा मिचकला. दादाच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ओळी यायला लागल्या. आईला वाचता यावं म्हणून दादाने त्या मराठीत ठेवल्या होत्या.

श्वास: ०

श्वास: ०

बरोबर होतं. पलंगावर कोणी नव्हतं. चादर धुऊन, ताणून घातलेली होती, एक सुरकुती नव्हती. मी हात धुवायला उठलो. परत येऊन बघतो तर,

श्वास: १४

श्वास: १४

२

मी पंखा बंद केला. चौदा. फ्रीजचं बटण काढलं. चौदा. लिफ्ट वरखाली जाते तेव्हा आमच्या भिंतीला बारीक कंप येतो, म्हणून दारात जाऊन उभा राहिलो. लिफ्ट खालीच होती. मागे वळून पलंगाखाली वाकून बघितलं. काय बघायचं होतं मलाच माहीत नाही. दादाच्या चपला होत्या.

मग स्वतःलाच शिव्या दिल्या आणि टेबलाला एक हाणली. आकडा हलला नाही. शांत, एका लयीत, दर पाच सेकंदांनी नवी ओळ. चौदा, चौदा, मध्येच पंधरा, परत चौदा. गाढ झोपलेल्या माणसाचा असतो तसा.

मी खुर्चीत बसून राहिलो. मध्ये एकदा आकडा भलताच उडाला, परत चौदावर आला. जेवायची सुट्टी संपून गेली. बरोबर एकतीस मिनिटांनी आकडा पडायला लागला. नऊ. चार. शून्य. वीस सेकंद. लाल दिवा लागला आणि बझर किंचाळला.

मी वायर उपटली.

आता ते सांगूनच टाकतो. कोणाला सांगितलेलं नाही.

दादा रात्रभर कुठल्यातरी लांबच्या कंपनीसाठी काम करायचा आणि पहाटे थोडा, मग दुपारी दोन ते पाच झोपायचा. नऊ दिवस तो पट्टीवर झोपत होता, आणि नऊ दिवस तो बझर आमचा जीव खात होता. दादाने कूस बदलली की कोकलायचा. हात डोक्याखाली घेतला की कोकलायचा. मी एकदा भांडलो.

"अरे, आवाज तरी कमी कर त्याचा!"

"कमी आवाजाला तू उठशील? तू तर शाळेची घंटा वाजली तरी उठला नाहीस."

"सारखा खोटाच वाजतो पण."

"खोटा वाजला तर झोपमोड होते. खरा वाजायचा राहिला तर काय होतं?" मग माझा चेहरा बघून हसला. "दोन दिवस दे रे. कूस आणि श्वास यातला फरक शिकवतोय त्याला. तुला शिकवण्यापेक्षा सोपं आहे."

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. आई तपासणीसाठी गेली होती, मावशी सोबत होती. दोन वाजता दादा झोपला. दोन वाजून दहा मिनिटांनी मी पाय न वाजवता आत गेलो आणि बझरचा एक पाय, म्हणजे बोर्डात जाणारी त्याची तार, कटरने तोडला. टक् असा आवाज झाला, नख कापल्यासारखा. दादा भिंतीकडे तोंड करून झोपला होता, तोंड थोडं उघडं. संध्याकाळी टाका मारून ठेवू, त्याला कळणारही नाही, असं ठरवून मी बाहेर येऊन आडवा झालो. नऊ दिवसांत पहिल्यांदा मला शांत झोप लागली.

डॉक्टर म्हणाले, आईचंच दुखणं त्यालाही होतं. कोणाला माहीत नव्हतं.

लोकांनी विचारलं, ते यंत्र वाजलं नाही का रे? मी म्हणालो, नाही वाजलं. सगळे हळहळले. बिचाऱ्याचं स्वतःचंच यंत्र, ऐन वेळी दगा दिला. मी मान डोलावली.

३

ताईंना फोन केला. त्या दादाच्या ऑफिसातल्या. दादा कोड लिहायचा आणि त्या तो मोडून बघायच्या, हेच त्यांचं काम. दादा गेल्यापासून त्याचा कोड त्या घरी घेऊन बसल्या होत्या.

"तीनदा वाचला मी," त्या म्हणाल्या. "चूक सापडत नाहीये मला. तो बझर न वाजायला कारणच नाही."

"ताई, ते राहू द्या. आत्ताचं सांगा. रिकाम्या पलंगावर चौदा दाखवतोय."

मग कामाच्या आवाजात बोलल्या. "पिन मोकळी असेल. कुठेच न जोडलेली पिन हवेतलं काहीही पकडते. पंखा, ट्यूबलाइट, अगदी तुझा हातसुद्धा. वायर लाव. आता हात बोर्डाजवळ ने."

मी नेला. आकडा उडाला. त्रेचाळीस.

"बघितलंस? त्या पिनला एक रेझिस्टन्स लाव, दुसरं टोक ग्राउंडला. गप्प बसेल."

मला एकदम इतकं बरं वाटलं की हसूच आलं. मोकळी पिन. दुकानात अशी शंभर भुतं मी रोज पकडतो. माणूस म्हणतो फोन आपोआप वाजतो, आणि आत कोळ्याच्या जाळ्याएवढी वायर सुटलेली असते. सोल्डरिंगचं आयर्न तापवलं, रेझिस्टन्स लावला, दोन सुंदर टाके मारले. वायर लावली. शून्य. पाच मिनिटं शून्य. मी दुकानात गेलो, मालकाची बोलणी खाल्ली, आणि ती खातानाही हसत होतो.

संध्याकाळी घरी येऊन सवयीने वायर काढली, परत लावली.

श्वास: १४

पट्टीची वायरच बोर्डातून उपटून काढली. आता बोर्डाला पलंग जोडलेलाच नव्हता. चौदा.

मी दोन्ही हात खिशात घातले आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. टेबलापासून चार पावलांवर. बरोबर दहाव्या मिनिटाला आकडा उडाला. त्रेचाळीस. एक ओळ, दुसरी ओळ, मग परत चौदा.

हाताचा आकडा. दोन वाजून दहा मिनिटं.

४

आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी बोर्ड खणात टाकला होता. तिला म्हणालो, पट्टी अजून तयार नाही, तू झोपशील तेव्हा मी शेजारी बसेन. ती म्हणाली, "आणि दुकान? मला राखत बसणार का जन्मभर?"

मी आंघोळीला गेलो तेवढ्यात तिने खण उघडला. तिला फक्त वायर लावता येत होती, दादाने शिकवली होती. बाहेर आलो तर ती दादाच्या खुर्चीत बसलेली, चष्मा नाकावर, तोंड स्क्रीनच्या इतकं जवळ की काचेवर वाफ धरत होती.

"अरे, हे चौदा कोणाचे?"

"कोणाचे नाहीत. बिघाड आहे."

"पट्टी कुठेय?"

"पलंगावर."

तिने पलंगाकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. तिचा चेहरा बारा दिवसांत पहिल्यांदा सैल झाला.

"याचाच आहे," ती म्हणाली. "लहानपणी त्याला ताप असला की मी बोटांवर मोजायची. बरा झाला की चौदा व्हायचे."

"आई, मोकळी पिन आहे ती. ताईंना विचार."

"असू दे की मोकळी. तुझं काय घेते?"

ती पलंगाच्या कडेला बसली आणि चादरीवरून हात फिरवायला लागली. चादरीवरून म्हणजे, अगदी चादरीवरून नाही. वीतभर वरून. मी बघत होतो. तिचा हात एका जागी वर यायचा, थोडा खाली जायचा, परत वर. स्क्रीनकडे तिची पाठ होती. मी मनात मोजलं. मिनिटाला चौदा वेळा.

एकोणतिसाव्या मिनिटाला मी वायर उपटली.

"का काढलीस?" तिने विचारलं. तिने उठून माझ्या थोबाडीत मारली. मी वीस वर्षांचा आहे. तिने मला आयुष्यात कधी मारलं नव्हतं.

५

तिनेच ताईंना फोन करून बोलावलं. सुट्टीच्या दिवशी त्या दोन वाजता आल्या, खांद्याला पिशवी, त्यात त्यांचा लॅपटॉप. आईला मिठी मारून खूप रडल्या. मग तोंड धुतलं आणि बोर्ड उचलून उजेडात धरला.

"हातोडी तूच का? तो सारखं तुझं सांगायचा. टाका बघायचा तर भावाचा, म्हणायचा." त्यांनी बोर्ड फिरवला. "मला वाटलं होतं, हे जुनं रेकॉर्ड असेल. त्याच्या झोपेचं साठवलेलं, आणि तू वायर लावलीस की पहिल्यापासून सुरू होतं. पण साठवायची चिप कुठेय?"

चिप बसवायची जागा रिकामी होती. आठ चांदीचे ठिपके, कोरे. चिप खणात होती, पाकीट न उघडलेली. दादाने ती मला तीन आठवड्यांपूर्वी दिली होती. लाव रे वेळ मिळाला की. मला वेळ मिळाला नव्हता.

"मग हे येतं कुठून?" आई म्हणाली.

"माहीत नाही, काकू. पण बिघाड शोधायची एकच रीत असते. मध्ये हात न घालता शेवटपर्यंत चालू द्यायचं. शेवटपर्यंत बघितलंय का कोणी?"

"नाही," मी म्हणालो. "बझर वाजतो म्हणून मी काढतो."

ताईंनी मान वर केली. "वाजतो?"

मला माझी जीभ चावावीशी वाटली.

वायर लावली तेव्हा सव्वादोन झाले होते. चौदा. आई पलंगावर बसली, हात मांडीवर. दहाव्या मिनिटाला त्रेचाळीस आला, ताईंनी वहीत टिपलं. "इथे कोणीतरी बोर्डाला हात लावलाय," त्या सहज म्हणाल्या, जणू हे सगळं त्याच दुपारचं होतं. कोणी त्यांना अडवलं नाही.

एकतिसाव्या मिनिटाला बझर किंचाळला. आई दचकली आणि तिने रिकाम्या पलंगाला धरून गदागदा हलवलं. "ऊठ. ऊठ रे!" ताईंनी तिला मागे ओढलं.

"वाजतोय," ताई बझरच्या वरून ओरडून मला म्हणाल्या. "ठणठणीत वाजतोय! त्याचा कोड बरोबर आहे. मग त्या दिवशी का नाही वाजला?"

मी खांदे उडवले.

बझर वाजत राहिला. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "फायर ब्रिगेड बोलावताय की काय?" म्हणाले, आणि आईचा चेहरा बघून आल्या पावली गेले. तीन वाजले. साडेतीन. आवाज दातांत शिरला, मग हाडांत, मग ऐकू यायचा थांबला. स्क्रीनवर शून्य, शून्य, शून्य. मग एक ओळ आली.

श्वास: १

"आला," आई म्हणाली.

परत शून्य. कितीतरी शून्यं. मग एक.

"आला."

एकदा वाजला की वायर काढल्याशिवाय बझर थांबायचा नाही, दादाने तसंच ठेवलं होतं. हे मिनिटाला एक होते, दोन मिनिटांना एक. बझरला त्याचं काही नव्हतं. तो हाका मारत राहिला, आणि प्रत्येक वेळी आई म्हणायची, आला. तिचा आवाज बझरमधून मला स्पष्ट ऐकू येत होता.

आणि मी हिशोब करत बसलो होतो. पाच वाजायला दोन मिनिटं असताना मी त्याला चहाला उठवायला गेलो होतो. दारातूनच कळलं. लाल दिवा लागलेला होता आणि दादाचा हात पलंगावरून खाली लोंबत होता. मी त्याला हाक मारली नाही. हलवलंही नाही. मी बझरचा तुटलेला पाय बघितला आणि मला एकच सुचलं की हे कोणीतरी बघेल. आयर्न लावलं. त्याला तापायला वेळ लागतो. टाक्याला एरवी मला अर्धं मिनिट लागतं. हात कापत होता म्हणून चारदा मारावा लागला. शेवटचा टाका धरला की बझर वाजणार, म्हणून तो धरायच्या आत वायर काढली. मग डॉक्टरांना फोन केला.

तो गेलेलाच होता. मी स्वतःला हेच सांगत आलो. तो कधीचाच गेलेला होता.

६

आमच्या खोलीत सव्वापाच झाले, तेव्हा त्या दुपारचे पाच वाजत आले होते.

श्वास: १

श्वास: १

श्वास: २

ताई पुढे सरकल्या. आई उभी राहिली.

श्वास: ३

श्वास: ५

"वाढतायत," आई म्हणाली. "बघ, वाढतायत! कोणीतरी आलंय वाटतं खोलीत. त्याला चाहूल लागली."

"पावलांची धमक असेल," मी म्हणालो. "फरशी हलते. त्याने आकडा वाढतो."

"पण पट्टीची वायर तर काढलेली आहे," ताई म्हणाल्या. "धमक लागणार कुठे?"

श्वास: ५

श्वास: ६

मग आकडा उडाला. एक्केचाळीस. त्रेचाळीस. एकावन्न. ओळीमागून ओळी. हाताचा आकडा. किती वेळ चाललंय ते मी घड्याळात बघितलं नाही, मला माहीत होतं. आयर्न तापेपर्यंत आणि चार टाके. बझर अजून वाजत होता, आणि त्या आवाजात मला बारीक, ओळखीची चरचर ऐकू आली. ओल्या स्पंजवर आयर्न पुसल्याची. एकदा. थोड्या वेळाने परत. टेबलावर स्पंज कोरडा पडलेला होता.

मग आकडे खाली पडले. शून्य. त्यानंतर फक्त शून्य. बझर थांबला.

शांततेत कान दुखायला लागले.

"हाताच्या आधी सहा," ताई वहीकडे बघत म्हणाल्या. "हातानंतर शून्य. मधे काय झालं ते कळत नाही, हाताच्या आकड्यात बाकीचं बुडतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाच वाजता तूच आत गेला होतास ना? बोर्डाला हात लावला होतास का?"

हो म्हणालो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. एक शब्द होता.

"नाही. मी दारातूनच डॉक्टरांना फोन केला."

"मग हात कोणाचा?"

मग आई बोलली. हळू, जणू झोपलेल्या माणसाशेजारी बसून बोलावं तसं.

"त्याचाच. अजून कोणाचा असणार? जाग आली असेल. बझर वाजत कसा नाही, म्हणून हात लांब करून बघत असेल. चार-पाच मिनिटं चाचपडत होता बिचारा. आणि घरात कोणी नव्हतं."

"होतो ना मी," मी म्हणालो.

"तू झोपला होतास, बाळा. तुझी काय चूक?"

तिने माझ्या गालावरून हात फिरवला, परवा मारलं होतं त्याच गालावरून. आणि मी तिला ते तसंच राहू दिलं. माझा दादा जिवंत, अंधारी आलेले डोळे, हात बोर्डावर चाचपडतोय. आईच्या डोळ्यांसमोर हे चित्र मी ठेवलं, आणि ते ती मरेपर्यंत बघणार होती. स्वतःला वाचवायला मी एवढंच केलं. फक्त गप्प बसलो.

७

आई दादाच्या पलंगावर आडवी झाली. "पाचच मिनिटं," म्हणाली. मी पट्टीची वायर परत बोर्डात खोचली. स्क्रीनवर मिनिटभराने तिचे आकडे यायला लागले. सोळा. पंधरा. तिचे होते, तिच्या कुशीबरोबर हलत होते. बिघाड गेला होता. मला वाटलं, चला, संपलं. ते एकदाच शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं होतं बहुतेक, आणि आम्ही ऐकलं.

ताई स्वयंपाकघरात कप धुवत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अरे, हे आटोपलं की मला तो बझर दाखव. मघाशी उजेडात बघितलं ना, त्याच्या एका पायाचा टाका वेगळा दिसला. गोळा झालाय नुसता. तुझ्या हाताचा वाटत नाही, आणि त्याच्याही नाही."

"दाखवतो," मी म्हणालो.

मी बोर्डावर वाकलो.

बझरचा पाय तुटलेला होता.

टाका गेला होता. माझे चार टाके, तो गोळा, काहीच नव्हतं. कटरने तोडल्यावर तार चकाकते तशी दोन टोकं, आणि त्यांच्या मधे कागदाएवढी फट. अडीच तास वाजलेल्या बझरचा पाय. माझा कटर दुकानाच्या पिशवीत होता, बाहेरच्या खोलीत, चेन लावलेली.

श्वास: ११

श्वास: ६

मी आईकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, तोंड थोडं उघडं. तिचा हात पलंगावरून खाली लोंबत होता. आणि तिच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, गादी खाली दबलेली होती. एका माणसाएवढी. चादरीला तिकडून ताण बसला होता, आणि तो ताण हळूच वाढत होता, हळूच कमी होत होता. एका लयीत.

श्वास: ०

लाल दिवा लागला. बझर गप्प होता.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. ताई कप पुसत होत्या, एक कप, दुसरा कप, आता येतील. आईपर्यंत एक पाऊल होतं. फक्त खांदा धरून हलवायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोणी हलवलं की सुरू होतो.

टेबलावर आयर्न होतं. मी ते लावलं नव्हतं, पण त्याच्या टोकातून बारीक धूर निघत होता. तापलेलं होतं, तयार होतं. माझा हात आज अजिबात कापत नव्हता. अर्धं मिनिट लागतं मला एका टाक्याला. त्याहून कमी.

मी आयर्न उचललं.